ईस्टरनंतरच्या रविवारी अकराच माणसं का आली?

प्रश्न थोडक्यात असा: "आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचे सभासद, 38 घरांची, मूळची प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाची. पाळकसाहेबांकडे (पास्टरांकडे) आमच्यासह तीन मंडळ्या आहेत. मी गेल्या वर्षीच मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांत निवडून आले. यंदा भस्म बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, आम्ही रोज संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना ठेवली, झावळ्यांच्या रविवारी (पाम संडेला) मिरवणूक काढली, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तीन तासांची उपासना, ईस्टरला पहाटेची उपासना, नाटिका आणि जेवण केलं. ईस्टरला चर्च भरलं होतं. पुढच्या रविवारी अकरा माणसं आली. पाळकसाहेब आजारी पडले आणि आम्ही पाच पंच एकमेकांशी धड बोलत नाही. पुढच्या वर्षी काय करावं?"

ताई, सलाम.

तुम्ही कष्टात कुठे कमी पडलात असं मला अजिबात वाटत नाही. वारणेच्या खोऱ्यातल्या एका लहान मंडळीत मी 26 वर्षं पंच होते. नोकरी नर्सची, त्यामुळे माझे रविवार अर्धे ड्यूटीत जायचे. तुम्ही सांगता तसा ईस्टरचा काळ आम्हीही एकदा काढला आहे, तो पुढे सांगते. आधी उत्तर देते. चाळीस दिवस तुम्ही लोकांना चर्चमध्ये बोलावत राहिलात, आणि त्या चाळीस दिवसांत लोकांच्या घरी कुणी गेलं नाही. पुढच्या वर्षी निम्मे कार्यक्रम काढून टाका आणि मोकळ्या झालेल्या संध्याकाळी पंचांनी घरोघर जायचं ठरवा. बाकी जे लिहिते आहे, ते हे जमवायचं कसं याबद्दल.

प्रेसबिटेरियन या नावाचा अर्थच मुळी पंचांशी जोडलेला आहे. ग्रीक 'प्रेस्बुतेरोस' म्हणजे वडील. आपल्या बायबलात 'वडील' असं आहे आणि बोलताना आपण पंच म्हणतो. मंडळीचा कारभार आणि मंडळीची काळजी पाळक आणि पंच यांनी मिळून, एका बैठकीत बसून, सारख्या अधिकाराने करायची, हा आपल्या चर्चव्यवस्थेचा कणा. कोल्हापुरात मिशनरी वाइल्डरसाहेब 1852 मध्ये आले, 1870 मध्ये त्यांचं काम अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं, आणि त्या मिशनने सांगली, मिरज, कोडोली, रत्नागिरी, वेंगुर्ला या बाजूला मंडळ्या उभ्या केल्या. मिरजेचा दवाखाना वॉनलेससाहेबांनी 1894 मध्ये सुरू केला, तोही याच मिशनचा. पुढे वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन 1924 मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. वरच्या पाट्या बदलत गेल्या. पण गावातल्या चर्चमध्ये पंच निवडायची, पंचांनी भाकर आणि प्याला लोकांपर्यंत न्यायची पद्धत राहिली. घरं वाटून घेऊन भेटी द्यायची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी आपण सोडून दिली. आज पंच म्हणजे हिशेब बघणारा आणि दानपात्र फिरवणारा माणूस, असंच लोकांना वाटतं.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून तुमच्या मंडळीतले जुने लोक कदाचित चिडतील. आपण ज्या ज्या गोष्टींनी हा काळ भरून टाकतो, त्यातल्या बहुतेक आपल्या घराण्यातल्या नाहीतच. स्कॉटलंडमधले जुने प्रेसबिटेरियन ईस्टर पाळत नसत, नाताळही पाळत नसत. 1645 च्या वेस्टमिन्स्टर उपासना-मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे की सणांच्या दिवसांना देववचनात आधार नाही, ते पुढे चालू ठेवू नयेत. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी 1958 मध्ये सुरू झाली. उत्तम शुक्रवारची तीन तासांची, येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांची उपासना सतराव्या शतकात पेरूमधल्या लिमा शहरात जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी चालू केली. कबरस्तानातली ईस्टरची पहाट मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या बांधवांची, 1732 सालची, जर्मनीतल्या हेर्नहूट गावची. या सगळ्या सुंदर गोष्टी आहेत. मी त्या टाकून द्यायला सांगत नाही, ईस्टरच्या पहाटेशिवाय वर्ष सुरू झाल्यासारखं मलाही वाटत नाही. पण यातलं काही वगळलं तर आपण धर्म बुडवला, असं दडपण कुणी मनावर घेऊ नये.

सणांऐवजी त्या जुन्या लोकांकडे प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीचा, हंगाम होता. वर्षातून एकदा किंवा दोनदाच प्रभुभोजन व्हायचं. त्याआधी पंच आपापल्या वाट्याच्या घरी जायचे, माणसांशी बोलायचे, कुणाचं कुणाशी वैर असेल तर ते मिटवायला बघायचे. मग तयार असलेल्या माणसाच्या हातात शिशाचा एक लहानसा बिल्ला द्यायचा. त्यावर गावच्या मंडळीची अक्षरं आणि साल कोरलेलं. तो बिल्ला दाखवून माणूस मेजाशी बसायचा. यात कडकपणा होता, कुणाकुणाला त्याचा जाचही झाला असेल, आणि तो बिल्ला परत आणावा असं मी म्हणणार नाही. पण त्या बिल्ल्यामुळे एक गोष्ट पक्की व्हायची. प्रभुभोजनाआधी प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर मंडळीचा एक माणूस येऊन गेलेला असायचा. ग्लासगोत 1819 मध्ये थॉमस चाल्मर्स या पाळकांनी गिरणी-कामगारांची वस्ती असलेल्या आपल्या पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या हद्दीचे, 25 भाग केले आणि एकेका भागावर पंच आणि सेवक नेमले, तेही याच विचाराने. तुमच्याकडे तर 38 घरं आणि पाच पंच. एकेकाच्या वाट्याला सात किंवा आठ घरं. भस्म बुधवार ते ईस्टर साडेसहा आठवडे असतात. आठवड्याला एक घर, एखाद्या आठवड्यात दोन. एवढंच.

आमचा तो ईस्टरचा काळ आता सांगते. वर्ष सांगत नाही. त्या वर्षी आमच्यात हौस फार होती. स्पीकर भाड्याने आणला, मंडप घातला, तरुण संघाने येशूच्या पुनरुत्थानाची नाटिका बसवली. दगडाऐवजी थर्माकोलची शिळा केली होती आणि ती बाजूला सरकली तेव्हा लहान मुलं खरोखर ओरडली. दोनशे माणसांचं जेवण झालं. सोमवारी सकाळी मी मंडपवाल्याचे पैसे देत होते, तेव्हा गावाच्या टोकाला राहणारे एक शेजारी, आपल्या धर्माचे नव्हेत, चर्चच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "सिस्टर, तुमचं ते म्हातारं गवंडी पंधरा-वीस दिवस झालं पडून हाय. आम्ही भाकरी देतोय, पर तुमचं कोण फिरकलं न्हाई." मी तशीच गेले. आजोबा मोरीत घसरले होते, खुब्याचं हाड मोडलेलं, आणि एका कुशीवर पडून पडून पाठीला, कमरेखाली जखमा झालेल्या. मी पाणी गरम करून घेतलं आणि त्या जखमा धुवायला बसले. त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, "ईस्टर झाला काय गं?"

आम्ही सहा पंच होतो. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसरं कुणीतरी गेलं असेल. आजोबा फेब्रुवारीपासून चर्चला दिसत नव्हते हेही सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना दवाखान्यात नेलं, पुढे आणखी दोन महिने ते राहिले. त्या दोन महिन्यांत आम्ही पाळीपाळीने जात होतो, पण ते आधी व्हायला हवं होतं. त्याच आठवड्यात आमच्या पंच कमिटीने शंभर पानी वही आणली, घरं वाटली आणि प्रत्येक घराला एक पान दिलं. ती वही अजून चालू आहे, आता चौथी.

वहीत काय लिहायचं, हे बऱ्याच जणी विचारतात. फार कमी. कोण कोण घरात आहे, कोण बाहेरगावी, कोण आजारी, कुणाची परीक्षा, कोण प्रभुभोजनाला येऊ शकत नाही, पुन्हा कधी जायचं. घरातली भांडणं, कर्ज, दारू, मुलीचं मोडलेलं लग्न, हे वहीत लिहायचं नाही. ते ऐकायचं, प्रार्थनेत ठेवायचं, आणि फार गंभीर असेल तर त्या घराची परवानगी घेऊन पाळकसाहेबांना सांगायचं. एकदा एका पंचाने एका घरची गोष्ट कमिटीत बोलून टाकली आणि ते घर आम्हाला चार वर्षं बंद झालं. लहान गावात शब्द फार लवकर पसरतो.

भेट कशी द्यायची? पहिल्या भेटीत उपदेश नको. बायबल पिशवीत असू द्या, पण हातात धरून दारात उभं राहू नका. माणसं चहा ठेवतात, तो घ्या. निम्म्या घरांत पहिली दहा मिनिटं ऊस कधी जाणार, बिल कधी येणार, मुलीचा बारावीचा पेपर कसा गेला, यात जातील. ती दहा मिनिटं वाया जात नाहीत. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, "आज कोणतं गाणं म्हणूया?" 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातलं एखादं पद निघतं, बहुतेक वेळा नारायण वामन टिळकांचंच. ते गाणं झालं की घर बोलायला लागतं. मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की नवीन पंचाला मी गाण्याशिवाय पाठवतच नाही. नंतर एक लहान वचन, दोन मिनिटांची प्रार्थना, आणि उठायचं. अर्ध्या तासाच्या वर बसू नये. पुरुष पंच एकटे राहणाऱ्या बाईच्या घरी एकटे जाणार नाहीत, हा नियम पहिल्या दिवशीच करून टाका. महिला मंडळातली एखादी सोबत घ्यावी.

रोजच्या संध्याकाळच्या प्रार्थना चर्चमध्ये ठेवू नका. आठवड्यातून एक ठेवा, तीही वेगवेगळ्या गल्लीत, अंगणात, टाळ-पेटी घेऊन. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, रोज संध्याकाळी मुलांना आणि आयांना चर्चला ओढणं हे त्यांच्यावर ओझं आहे. आणि आपल्या भागात हा उसाच्या हंगामाचा शेवट. ट्रॅक्टर आला की माणूस प्रार्थनेतून उठून जातो, आणि त्याने जायलाच हवं.

उसाचा विषय निघाला म्हणून सांगते. तुमच्या गावाशेजारी ऊसतोडीच्या टोळ्या उतरत असतील. एका वर्षी नगर भागातून आलेल्या टोळीत दोन कोयते, म्हणजे ऊस तोडणारी दोन जोडपी, ख्रिस्ती आहेत, असं आम्हाला मार्चमध्ये कळलं, म्हणजे हंगाम संपत आल्यावर. चार महिने ती माणसं चर्चपासून दोन किलोमीटरवर राहत होती. रविवारी त्यांना सुट्टी नसते, तोड थांबत नाही. आम्ही एका संध्याकाळी त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, गेलो. चुलीवर भाकरी चालली होती, बाईच्या हातावर पाचटाचे ओरखडे. तिनेच गाणं सुरू केलं, अंधारात, आणि आमच्यापेक्षा चांगल्या चालीत. पाळकसाहेबांना विचारून पुढच्या आठवड्यात तिथेच प्रभुभोजन झालं. दोन पंच सोबत होते. त्यांच्या धाकट्या मुलाचा बाप्तिस्मा राहिला होता, तो त्यांच्या गावच्या मंडळीत व्हावा म्हणून आम्ही तिकडच्या पाळकांना पत्र दिलं. आता आम्ही नोव्हेंबरमध्येच टोळीच्या मुकादमाकडे चौकशी करतो. तुमच्या वहीत एक पान त्यांच्यासाठी ठेवा. तुमच्या 38 घरांत ती घरं मोजली जात नाहीत, पण पाच-सहा महिने ती तुमचीच असतात.

आजारी माणसांच्या घरी प्रभुभोजन न्यायचं तर पाळक एकटे जात नाहीत, निदान एक पंच बरोबर जातो. यामागे विचार आहे. प्रभुभोजन हे पाळकांनी एखाद्याला द्यायचं औषध नव्हे, ते मंडळीचं जेवण आहे, म्हणून मंडळीचं कुणीतरी तिथे जेवायला हवं. तीन मंडळ्या सांभाळणाऱ्या पाळकांना पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, या भेटी जमणार नाहीत. त्या आधीच्या दोन आठवड्यांत उरकून घ्या. पंचांनी यादी आणि वेळा ठरवून द्यायच्या, पाळकांनी फक्त यायचं. आमच्याकडे एका दुपारी पाच घरं होतात, मोटारसायकलवरून.

रस आणि भाकर यांची तयारी ही मला फार प्रिय. आपल्याकडे प्रभुभोजनाला दारू नसते, द्राक्षाचा रस असतो. मार्चमध्ये तासगावकडे द्राक्षं आणि बेदाणा ताजा असतो. बेदाण्याचा रस फिका येतो, म्हणून आम्ही काळ्या मनुका घेतो. एक किलो मनुका तीन पाण्यांत धुवायच्या, दोन लिटर उकळलेल्या पाण्यात रात्रभर भिजत घालायच्या. सकाळी हाताने कुस्करायच्या, मंद आचेवर वीसेक मिनिटं ठेवायच्या, आणि गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळायच्या, दोनदा. साखर घालायची नाही. दीड लिटरच्या आसपास रस निघतो, नव्वद-शंभर लहान पेल्यांना पुरतो. एप्रिलच्या उकाड्यात तो बाहेर टिकत नाही. एकदा गुरुवारी केलेला रस आम्ही रविवारपर्यंत ठेवला, मध्ये वीज गेली होती, आणि शनिवारी रात्री झाकण काढलं तर फेस. तो ओतून देऊन रात्री बारा वाजता नवा केला. तेव्हापासून शनिवारीच करतो. हे काम महिला मंडळाकडे आहे, पण मी दर वर्षी एका तरुण मुलाला त्यात घेते. मनुका कुस्करताना हात लाल होतात, आणि मग तो मुलगा रविवारी पेल्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

झावळ्यांच्या रविवारबद्दल फार सांगायचं नाही. नारळाच्या झावळ्या जड असतात, मुलांच्या हातात शिंदीची पानं द्या. मिरवणूक गावातून न्यायची असेल तर आधी पोलीस पाटलांना सांगा.

उत्तम शुक्रवारची वेळ मात्र बदला. बारा ते तीन, एप्रिल महिना, डोक्यावर पत्रा, आणि पुढच्या बाकांवर सत्तरीच्या बाया. मी नर्स होते म्हणून माझ्याकडे सगळे बघायचे, आणि दर वर्षी कुणी ना कुणी भोवळ येऊन पडायचं. आम्ही ती उपासना सकाळी साडेआठला आणली. दोन ज्येष्ठ मंडळी फार नाराज झाली. त्यांना मी मार्क 15:25 उघडून दाखवलं. त्याला वधस्तंभावर खिळलं तो दिवसाचा तिसरा तास होता, म्हणजे सकाळचे नऊ. ते वाचून एकजण गप्प बसले, दुसरे तरीही नाराजच राहिले, पण येत राहिले. सात उद्गार सात माणसांना वाटून द्या, एकेकाला आठ मिनिटं, घड्याळ लावून. "मला तहान लागली आहे" हा उद्गार आम्ही एकदा पाणीपुरवठ्याच्या टाकीवर काम करणाऱ्या एका भावाला दिला. तो दहावी नापास, कागद हातात थरथरत होता. त्याने उन्हाळ्यात टँकरमागे घागर घेऊन धावणाऱ्या बायांबद्दल सांगितलं, आणि मी चाळीस वर्षांत ऐकलेल्या प्रवचनांत ते मला सगळ्यात जास्त आठवतं. पाळकसाहेबांना त्या दिवशी खाली, लोकांत बसू द्या. त्यांनाही ऐकायला मिळावं.

चैत्र पौर्णिमेचं भान ठेवा. ईस्टरची तारीख चंद्रावर चालते: 21 मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि त्यानंतरचा रविवार. त्यामुळे आपला सण कधी होळीच्या पाठोपाठ येतो, जसा 2024 मध्ये 31 मार्चला आला, आणि कधी चैत्र पौर्णिमेच्या, म्हणजे आपल्या भागात जोतिबाच्या यात्रेच्या अंगावर. 2022 मध्ये पौर्णिमा ईस्टरच्या आदल्या दिवशी होती, यंदा, 2026 मध्ये, 2 एप्रिलला, म्हणजे नेमकी पवित्र आठवड्यातल्या गुरुवारच्या प्रभुभोजनाच्या दिवशी. रस्ते सासनकाठ्यांनी भरलेले, एसटी वळवलेल्या, बाहेरगावची माणसं वेळेवर पोचत नाहीत. आमचं चर्च यात्रेच्या वाटेवर आहे. पूर्वी आम्ही त्या दिवशी फाटक लावून घ्यायचो, गुलाल आत येतो म्हणून. आता फाटकाशी पाणपोई असते. दोन रांजण, वाळ्याचं पाणी, आणि गुळाचे खडे. तरुण संघाची मुलं पाळी लावतात. कुणाला पत्रक देत नाही, काही सांगत नाही. चालून आलेल्या माणसाला पाणी द्यायचं. आजोबांना भाकरी देणारे ते शेजारी दर वर्षी एक रांजण भरून देतात.

शनिवारी कबरस्तान साफ करा, आणि हे काम मजुरांना देऊ नका. गवत काढायचं, दगडांना चुना लावायचा. मुलांना नावं मोठ्याने वाचायला लावायची. आमच्याकडे मिशनच्या काळातल्या काही कबरी आहेत, त्यात दोन-चार महिन्यांची बाळंही आहेत. मुलं वय मोजतात आणि गप्प होतात. मग पहाटे साडेपाचला त्याच जागी मेणबत्त्या घेऊन उभं राहायचं. उजाडायला सहा-सव्वासहा होतात, तोवर दोन गाणी, योहानाचा विसावा अध्याय, आणि "प्रभू उठला आहे". प्रवचन पाच मिनिटांचं असावं किंवा नसावंच. त्या पहाटे विधवा बाया पुढे येऊन आपल्या माणसाच्या दगडावर मेणबत्ती लावतात, तेव्हा कुणी माईकवर बोलत असेल तर मला सहन होत नाही. माईक नेऊच नका.

जेवण आणि नाटिका यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. नाटिका दोन वर्षांतून एकदा पुरे. जेवण साधं असावं, वरण-भात आणि एक गोड, सगळ्यांनी घरून आणलेलं. पैशांवरून पंच एकमेकांशी बोलेनासे होतात ते मंडप, स्पीकर आणि आचारी यांच्या बिलांवरून. त्यात 31 मार्चला वर्षाचे हिशेब बंद करायचे असतात, तेव्हा खजिनदाराचं डोकं आधीच तापलेलं असतं. दान मोजताना दोन माणसं, दोघांच्या सह्या, त्याच दिवशी. वार्षिक सभा ईस्टरच्या महिन्यात घेऊ नका, मेच्या अखेरीला घ्या.

आणि तुम्ही पाच जण बोलत नाही आहात, त्याचं काय? सभा बोलावून ते सुटणार नाही. पुढच्या प्रभुभोजनाआधी तुम्ही पाच जणांनी एकमेकांच्या घरी जा. पंचाचं घरसुद्धा वहीत असतं, त्याच्याही घराला एक पान असतं, आणि तिथेही कुणीतरी जायचं असतं. ज्यांच्याशी तुमचं सगळ्यात जास्त बिनसलं आहे, त्यांचं घर तुम्ही स्वतः घ्या. मी घेतलं होतं. पहिल्या भेटीत त्यांच्या बायकोनेच चहा दिला, ते बाहेर गोठ्यात बसून राहिले. दुसऱ्या भेटीत ते आत आले.

ईस्टरनंतरचा रविवार रिकामा ठेवू नका. त्या दिवशी दृढीकरण, म्हणजे मोठ्या झालेल्या मुलांनी आपला विश्वास मंडळीपुढे कबूल करायचा विधी, ठेवा. परीक्षा संपलेल्या असतात, मुलं मोकळी असतात, आणि ज्या घरांत पंच जाऊन आलेले असतात, ती घरं आपल्या मुलाला पुढे उभं राहिलेलं बघायला येतातच. वाचन थोमा या शिष्याचं घ्या, आठ दिवसांनी ज्याला प्रभू भेटला त्याचं. पहिल्या रविवारी तो तिथे नव्हता, आणि प्रभू त्याच्यासाठी पुन्हा आला. आमच्याकडे त्या रविवारी ईस्टरएवढी माणसं कधीच येत नाहीत, पण साठाच्या खाली आकडा गेल्याला बरीच वर्षं झाली.

पुढच्या वर्षी ईस्टर लवकर आहे, 28 मार्च 2027. भस्म बुधवार 10 फेब्रुवारीला येतो, म्हणजे जानेवारीत घरं वाटून झालेली हवीत. त्या वर्षी हिशेबाचा शेवटचा दिवस ईस्टरनंतरच्या बुधवारी येतो, खजिनदारांना आत्ताच सांगून ठेवा. आणि त्या अकरा जणांची नावं आठवून लिहून काढा. थकवा असताना, कुणी न बोलावता जी माणसं आली, त्यांतूनच तुम्हाला भेटीला सोबत येणारी दोन-तीन माणसं मिळतील. यंदाचं वर्ष अजून हातात आहे. जूनमध्ये पेरण्या सुरू व्हायच्या आत पहिली आठ घरं तुम्ही एकट्याने करून बघा, आणि काय झालं ते मला कळवा.